पंख, मागील, तेलावर चालणारा, नग एक

नोंदकाकांच्या गाडीचा पंख रविवारी सकाळी पावणेआठ वाजता बसला. बसला म्हणजे अगदी माणसासारखा बसला. आधी नेहमीच्या ऐटीत उठला, अर्ध्यावर थांबला, थोडा विचार केला आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून बसणाऱ्या म्हाताऱ्यासारखा सावकाश खाली गेला. शेवटी 'हुश्श' असा आवाजही आला. गाडीखाली तेलाचा एक थेंब पडला, मग दुसरा, मग त्याचा वाटीएवढा डाग झाला. बादली आणि फडकं घेऊन उभे असलेले नोंदकाका त्या डागाकडे बघत राहिले आणि बादलीतलं पाणी गार झालं.

गाडीला पंख असतो हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. काकांची गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. दोन सीटांची, बुटकी, तांबडी स्पोर्ट्स कार. तिच्या पाठीवर एक आडवी फळी होती. समोरचं बटण दाबलं की पाठीमागच्या नळ्यांतून तेल धावायचं, दोन चकचकीत दट्टे वर सरकायचे आणि ती फळी दिमाखात उभी राहायची. हा पंख. गाडी फार वेगाने गेली तर मागून हवेत उचलली जाऊ नये, जमिनीला धरून राहावी, म्हणून तो असतो. म्हणजे उडू नये म्हणून पंख. काकांनी हे आजवर शेकडो लोकांना समजावून सांगितलं होतं आणि त्यातल्या प्रत्येकाने शेवटी "मग त्याला पंख कशाला म्हणायचं?" असं विचारून त्यांचा विरस केला होता.

काकांना नोंदकाका म्हणायचे ते त्यांच्या नोकरीवरून. पाणीपुरवठा खात्याच्या नोंद विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. शहरातला कुठला नळ कुठल्या साली बसला, कुठली झडप कोणी बदलली, हे त्यांच्या रजिस्टरांत होतं. 'जे आहे ते कागदावर हवं' हे त्यांचं ब्रीद. असला माणूस असली गाडी घेईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण परदेशी निघालेला एक साहेब ती कोरी, नोंदही न झालेली गाडी घाईघाईने विकत होता, काकांचं नुकतंच लग्न झालेलं होतं, आणि माणूस आयुष्यात एकदा तरी वेड्यासारखा वागतो. काकांनी आपला तो कोटा एका दिवसात संपवून टाकला.

आणि काय दिवस होते ते! संध्याकाळी काका ऑफिसातून गल्लीत वळले की इस्त्रीवाला इस्त्री हवेत धरून उभा राहायचा. गच्च्यांतून डोकी बाहेर यायची. कडेवरच्या पोरांना आया घास भरवता भरवता सांगायच्या, "हा घे, की काका पंख दाखवणार." काका गाडी थांबवायचे, मुद्दाम जरा वेळ लावायचे, आणि बटण दाबायचे. पंख वर. गल्लीतून 'ओऽऽ' असा आवाज उठायचा. ऑफिसात ज्यांची बढती दोनदा हुकली, ज्यांना साहेब चुकूनही नावाने हाक मारत नसत, त्या काकांच्या आयुष्यात रोज एकदा काहीतरी वर जायचं ते हे. गल्लीतली ती पोरं आता मोठी होऊन स्वतःच्या गाड्या घेऊन फिरत होती. त्या गाड्यांना पंख नव्हते, याचं काकांना मनातून बरं वाटायचं.

एरवी पंख बसला म्हणून काही आकाश कोसळणार नव्हतं. पण गाडीला पुढच्या महिन्यात तीस वर्षं पुरी होत होती, आणि तीस वर्षं झालेल्या गाडीची फेरतपासणी करून घ्यावी लागते. तपासणीत पास झाली तर ती आणखी पाच वर्षं रस्त्यावर राहते. नापास झाली तर नोंद रद्द, आणि गाडी थेट भंगारात. काका तपासणीची तारीख घ्यायला वाहन खात्यात गेले ते अगदी निर्धास्त. इंजिन ठणठणीत होतं, ब्रेक नवे होते, दिवे लखलखीत होते.

खिडकीतल्या बाईंनी गाडीचं पुस्तक चाळलं, एका पानावर थांबल्या, चष्मा वर केला आणि विचारलं, "पंख चालू आहे ना?"

काका खिडकीत वाकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"इथे लिहिलंय की. विशेष या रकान्यात. 'पंख, मागील, तेलावर चालणारा, नग एक.' खाली दोन रेघाही मारल्यात."

त्या रेघा काकांनीच मारल्या होत्या. तीस वर्षांपूर्वी याच खिडकीशी ते दीड तास भांडले होते. तेव्हाचा कारकून म्हणत होता, साहेब, असलं कोणी लिहीत नाही. काका म्हणत होते, पंख आहे की नाही? आहे ना? मग कागदावर हवा. शेवटी कारकुनाने हात टेकले आणि पेन पुढे करून म्हणाला, तुम्हीच लिहा. काकांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि घरी येताना छाती फुगवून आले होते.

"लिहिलेलं असलं की चालवून बघावं लागतं," बाई म्हणाल्या. "परवाच अशी दुसरी गाडी पास झाली, तिचा पंख सुतळीने बांधला होता. पण तिच्या पुस्तकात पंखच नव्हता."

"म्हणजे मी लिहिलं नसतं तर..."

"तर आम्ही बघितलंही नसतं," बाई म्हणाल्या, आणि सव्वीस दिवसांनंतरची तारीख टाकून पुस्तक परत केलं.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. काकू कमी बोलायच्या, पण बोलायच्या त्या नेमकं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो लिहायला?"

"अगं, सरकारी पुस्तक आहे ते. पुढेमागे कोणाला शंका येऊ नये म्हणून..."

"आली ना आता," काकू म्हणाल्या आणि बसची वेळ झाली म्हणून पिशवी घेऊन भाजीला गेल्या.

इमारतीत ही बातमी पोचायला जिना चढण्याइतकाच वेळ लागला. सगळ्यात आधी आले तिसऱ्या मजल्यावरचे प्रोफेसर. प्रोफेसर इतिहासाचे, त्यामुळे ते इतिहास सोडून कुठल्याही विषयावर बोलत. त्यांनी काकांकडून एक कागद मागून घेतला, त्यावर बाण काढले, आकडेमोड केली आणि निष्कर्ष सांगितला. "तुम्ही गाडी ताशी पस्तीसच्या वर नेत नाही. त्या वेगाला या पंखाचा दाब एक चिमणी बसल्याएवढा पडतो. तेव्हा पंखाऐवजी तुम्ही चिमणी बसवलीत तरी चालेल."

पुढचे चार दिवस काका प्रोफेसरांना जिन्यात बघून न बघितल्यासारखं करत होते.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर मात्र मायाळू माणूस. पेशंटच्या तोंडात आरसा घालून ठेवून ते बाहेर आले, पंखाभोवती फिरले, टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, "मुळापासून हलतोय. वाचवता येईल, पण वेळ घालवू नका."

मग मिस्त्री. मिस्त्री गाडीखाली शिरले ते अर्ध्या तासाने बाहेर आले. "काका, असलं काम मी आयुष्यात एकदाच बघितलंय."

"कुठे?" काका आशेने म्हणाले.

"याच गाडीत. बारा वर्षांपूर्वी." मिस्त्रींनी हात पुसले. "तेलाचा पंप जळालाय आणि दट्ट्यांची रबरी सीलं गळतात. पार्ट मिळायचे नाहीत. कंपनीच बंद पडलीय. पण माझ्याकडे एक पंप आहे. खडी ओतायच्या डंपरचा. आपण तो लावून बघू."

इथे कोणीही शहाणा माणूस थबकला असता. पण पंखासाठी काका कुठल्याही थराला जायला तयार होते. आठ दिवस गाडी मिस्त्रींकडे राहिली. नवव्या दिवशी संध्याकाळी काकांनी बटण दाबलं, आणि ज्या पंपाने दहा टन खडी उचलायची त्याने पंख उचलला. पंख वर गेला म्हणण्यापेक्षा सुटला. जवळच्या तारेवरचे कावळे उडाले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री म्हणाले, "बघा, वीस वर्षांनी तरणा झाला."

तरणा झालेला पंख खाली यायला मात्र तयार होईना. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, चापट मारली, विनवण्या केल्या. मिस्त्री म्हणाले, राहू दे, तेल गार झालं की येईल आपोआप. काका पंख वर ठेवूनच निघाले, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. जुन्या ऑफिसवरून जायची वाट उलटी पडत होती, तरी ते तिकडून गेले. पहारेकऱ्याने सलाम केला. नवीन होता, ओळखत नव्हता, तरी केला.

असे तरंगत तरंगत काका इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये शिरले. गाडी शिरली. पंख शिरला नाही. वरच्या तुळईखाली तो असा अडकला की गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना. संध्याकाळची वेळ. मागे एक स्कूटर आली, मग दोन मोटारी, मग दुधाची गाडी. हॉर्न सुरू झाले. डॉक्टरांचा एक पेशंट अर्धा जबडा बधिर करून घेऊन बाहेर आला आणि त्याच्या स्कूटरला वाट मिळेना. तो काकांना बरंच काही बोलला, पण जबड्यामुळे त्यातलं एकही अक्षर कोणाला कळलं नाही, हे त्यातल्या त्यात नशीब.

प्रोफेसरांनी सूत्रं हातात घेतली. "चाकांतली हवा सोडा," ते म्हणाले. "गाडी बुटकी होईल."

चारही चाकांतली हवा सोडली. गाडी बोटभर खाली गेली. पंख तुळईलाच.

"आता मागे वजन द्या."

मग डॉक्टर गाडीच्या पाठीवर बसले. ते पुरेना म्हणून शेजारी प्रोफेसर बसले. तरी पुरेना म्हणून त्या बधिर पेशंटला बसवला. इतर लोकांनी ढकललं, 'खर्रर्र' असा आवाज झाला, वरून मूठभर गिलावा तिघांच्या डोक्यावर पडला आणि गाडी आत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांपूर्वी याच गाडीसाठी टाळ्या वाजायच्या, पण त्या वेगळ्या होत्या, आणि तो फरक काकांना चांगला कळत होता. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. विषय होता: 'इमारतीच्या तुळईस पंख लागल्याबाबत'.

मिस्त्रींनी येऊन डंपरचा पंप काढून नेला आणि काखा वर केल्या. पंख खाली बसला तो बसलाच. तपासणीला चौदा दिवस उरले होते.

काका पुन्हा खिडकीशी गेले. बाईंना त्यांची दया आली असावी. त्यांनी एक फॉर्म काढून दिला. "असं करा. पंखाची नोंद चुकून झाली होती, गाडीला पंख नव्हता आणि नाही, असं लिहून द्या. नोंद काढून टाकते. मग फळी तशीच राहू दे, कोणी विचारणार नाही."

इतकं सोपं होतं ते. काका बाकावर बसले, पेन काढलं, वरती नाव-पत्ता लिहिला. 'सदर गाडीस पंख' इथपर्यंत लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. चौतीस वर्षांत त्यांनी असलेली गोष्ट नाही म्हणून कधी लिहिली नव्हती. फुटक्या नळालासुद्धा त्यांनी 'नळ, फुटका' असं लिहिलं होतं. आणि ही तर त्यांच्या आयुष्यातली एकच मिरवण्यासारखी गोष्ट. ती नव्हती असं लिहिलं, की मग गल्लीतला तो 'ओऽऽ' नव्हता, इस्त्री हवेत धरून उभा राहिलेला तो माणूस नव्हता, काही नव्हतंच. मग त्यांनी फॉर्मची घडी घातली, खिशात टाकली आणि बाईंना म्हणाले, "नाही जमत हो."

"काय नाही जमत?"

"खोटं लिहायला," काका म्हणाले. पण त्यांचं त्यांनाच माहीत होतं, की फक्त खोट्याची अडचण नव्हती.

त्या दुपारी लेकीचा फोन आला. लेक दूर नोकरीला होती. दहा वर्षांपूर्वी गेली ती तिकडचीच झाली. "बाबा, सोड ना आता ती गाडी."

"सोडू? तू त्यात लहानाची मोठी झालीस."

"हो रे. मी शेजारी बसायचे, शाळेच्या वळणावर तू म्हणायचास 'दाब', आणि मी बटण दाबायचे. आठवतं?" लेक हसली. "सगळ्या मैत्रिणी जळायच्या माझ्यावर. आई दारातून हात करायची आणि मग कामावर जायच्या बसला पळायची. बिचारीला रोज उशीर व्हायचा."

काका "हं" म्हणाले. शाळेचं वळण त्यांना लख्ख आठवत होतं. लेकीच्या दोन वेण्या आठवत होत्या. दारातला हात मात्र काही केल्या डोळ्यांपुढे येईना, कारण त्या वेळी ते आरशात पंख बघत असायचे.

उपाय शेवटी सापडला तो डॉक्टरांच्या मागच्या खोलीत. तिथे त्यांची पहिली खुर्ची पडून होती. विजेची नव्हे, पायाने चालणारी. खाली एक पायटा, तो दाबत राहिलं की तेलाच्या जोरावर पेशंट वर. "ही वीस वर्षं कधी गळली नाही," डॉक्टर म्हणाले. "खुर्चीवाल्यांना बोलावतो. ते मेलेल्या खुर्चीला उठवतात."

खुर्चीवाले हा एक वेगळाच नमुना. केस कापणाऱ्यांच्या आणि दात काढणाऱ्यांच्या खुर्च्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. गाडीकडेही ते खुर्ची म्हणूनच बघत होते. त्यांनी दट्ट्यांना कान लावला, तेल बोटावर घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "बटण विसरा. दट्टे चांगले आहेत. सीलं मी बसवतो, थोडं गळेल, पण दाबत राहिलं की उभा राहील. तेल तुमचं, पायटा डॉक्टरांचा, आणि जोर माणसाचा. फक्त पायटा बसवायचा कुठे?"

काकांच्या पायाखाली तीन पायटे आधीच होते. चौथ्याला जागाही नव्हती आणि काकांना चौथा पायही नव्हता. तिसराही नव्हता, पण ते एवढी वर्षं निभावलं होतं.

"मग शेजारच्या सीटपुढे बसवू," खुर्चीवाले म्हणाले. "शेजारी कोण बसतं?"

काकू तेवढ्यात चहा घेऊन खाली आल्या होत्या. काकांनी सहज उत्तर दिलं. "कोणी नाही. तिथे माझी छत्री असते."

"छत्रीला पाय नसतो," खुर्चीवाले म्हणाले.

डॉक्टर हसले, काकाही हसले. काकूंनी कप ठेवले आणि त्या वर गेल्या. काकांना आपल्या हसण्यात काहीतरी चुकलं असं वाटलं, पण काय ते लगेच लक्षात येईना. लक्षात आलं तेव्हा ते सीटवरचं सामान काढत होते. छत्री निघाली, दोन फडकी निघाली, पॉलिशचा डबा, पाणीपुरवठा खात्याची एक जुनी फाइल आणि तिच्याखाली लेकीच्या शाळेच्या बुटाचा एक बंद. दहा वर्षांत त्या सीटवर बसायला जागाच नव्हती.

पायटा बसला. पाय कोणाचा, तर डॉक्टरांचा ठरला. त्यांना सवय होती. रोज दवाखाना बंद झाला की दोघं मोकळ्या मैदानात जायचे. डॉक्टर पायटा दाबता दाबता पाठीमागे वळून पंखाला म्हणायचे, "आता थोडं जाणवेल हं, दुखलं तर हात वर करा." पंख कधी वर जायचा, कधी मध्येच डुलायचा. पण जायचा. काकांचा जीव भांड्यात पडला.

तपासणीच्या दिवशी सकाळी काका गाडी पुसून, बूट चमकवून, पुस्तक खिशात घालून फाटकाशी तयार. साडेदहाची वेळ. दहाला डॉक्टर बाहेर आले ते पांढरा कोट घालूनच. त्यांच्यामागे गालाला रुमाल धरून एक बाई कण्हत उभ्या होत्या.

"काका, माफ करा. दाढ आहे. थांबण्यासारखी नाही."

"अहो, पण गाडीसुद्धा..."

"गाडीला भूल द्यावी लागत नाही," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

प्रोफेसर गॅलरीतून सगळं बघत होते. त्यांनी वरूनच सांगितलं, की गुडघ्याची वाटी सरकली नसती तर आपण नक्की आलो असतो. काकांनी इस्त्रीवाल्याकडे बघितलं. त्याच्याकडे ढीग पडला होता. काका स्टीअरिंग धरून बसून राहिले. वीस मिनिटं उरली होती. एका पायाअभावी तीस वर्षांची गाडी भंगारात जाणार होती.

तेवढ्यात काकू जिना उतरून आल्या. हातात नेहमीची पिशवी. बहिणीकडे निघाल्या होत्या, सव्वादहाच्या बसने. गाडीकडे एक नजर टाकून त्या फाटकाबाहेर पडल्या आणि स्टॉपच्या दिशेने चालू लागल्या.

काकांनी गाडी हळूच त्यांच्यापर्यंत नेली, आडवं होऊन आतून दार उघडलं. "अगं, येतेस का?"

"कुठे?"

"तपासणीला. पायटा दाबायला कोणी नाही."

काकूंनी दाराकडे बघितलं, मग काकांकडे. "नुसतं पायटा दाबायला?"

समोरून बस येताना दिसत होती. काकांनी चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहिली होती, पण असा प्रश्न त्यांत कधी आला नव्हता. "नाही," ते शेवटी म्हणाले. "माझ्याबरोबर. पायटा नसता तरी विचारायला हवं होतं."

बस आली, थांबली, गेली. काकू गाडीत बसल्या. "सीट केवढी मागे सरकवलीय ही," म्हणाल्या, आणि हात खाली घालून ती त्यांनी बरोबर दोन खटक्यांनी पुढे घेतली. तो खटका कुठे आहे हे काकांनासुद्धा सांगता आलं नसतं.

मग काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लग्नानंतर आपण रोज तलावावर जायचो. मी सीटवर उलटी गुडघे टेकून बसायचे, पंख वर येताना बघायला. तुम्ही ओरडायचात, सरळ बस म्हणून."

"मग यायची का थांबलीस?"

"सीटा दोन. माणसं झाली तीन. कोणीतरी उतरायला हवं होतं."

"पण ती जाऊन दहा वर्षं झाली."

"मी वाट बघितली थोडे दिवस," काकू म्हणाल्या. "मग तुम्ही छत्री ठेवलीत."

काकांना फार लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती, तुळईखाली अडकले होते तेव्हाही नाही. त्यांनी उगाच गिअर बदलला.

तपासनीस तरुण होता आणि पुस्तकाचा पक्का होता. मैदानाच्या कडेने एक सरळ रस्ता, त्यावर दोन खांब. "ताशी साठला या. पहिल्या खांबाशी पंख वर हवा, दुसऱ्या खांबापर्यंत राहायला हवा."

काकांनी साठचा आकडा कित्येक वर्षांत बघितला नव्हता. गाडी थरथरली. पहिला खांब दिसताच ते ओरडले, "दाब! दाब! अगं दाब!"

"ओरडू नका," काकू म्हणाल्या. "मला दिसतंय."

आणि त्यांनी दाबायला सुरुवात केली. डॉक्टरांसारखं धसमुसळं नव्हे. घरात शिवणयंत्रावर लेकीचे कपडे शिवण्यात वर्षं गेलेला तो पाय. एकसारखा, न थकता, न चुकता. पंख वर आला, उभा राहिला आणि गळक्या सीलांना न जुमानता तसाच राहिला. दुसरा खांब मागे गेला. तरी काकू थांबेनात. त्या मागे वळून बघत होत्या आणि हसत होत्या, आणि काकांना एकदम वाटलं, की आपण ही बाई किती वर्षं बघितलीच नाही.

"आता बटणाने करून दाखवा," तपासनीस खिडकीतून पायट्याकडे बघत म्हणाला.

"बटण नाही," काका म्हणाले. काही लपवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "हिच्या पायाने चालतो."

तपासनिसाने भुवया चढवल्या. पुस्तक उघडून पुन्हा वाचलं. "'तेलावर चालणारा'. तेल आहे ना?"

"आहे."

"मग झालं. पाय कोणाचा ते इथे लिहिलेलं नाही." त्याने शिक्का मारला. पाच वर्षं. मग त्याच्या कामसू मनाला राहवेना. "रकान्यात जागा आहे अजून. लिहून टाकू का? 'चालवणारी व्यक्ती: पत्नी. कायम.' म्हणजे पुढच्या वेळी प्रश्न नको."

त्याने पेन पुढे केलं. अशा क्षणी नोंदकाकांनी पेन घेतलं नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. त्यांनी काकूंकडे बघितलं.

"नको," ते म्हणाले. "ते लिहू नका. मी हिला दर वेळी विचारीन."

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. "कुठे जायचं? बहिणीकडे सोडू?"

काकूंनी पिशवी पायांपाशी ठेवली, पायट्यापासून जरा बाजूला. "तिला उद्या जाईन. तलावावर चला."

काका निघाले. सावकाश, त्यांच्या नेहमीच्या पस्तीसने. काकूंच्या पायाच्या तालावर पाठीमागे पंख उभा होता, आणि रस्त्यावरचे लोक वळून बघत होते की नाही, याकडे काकांचं पहिल्यांदाच लक्ष नव्हतं.